म्युनिकची सतरा हॉटेलं

म्युनिकला आम्ही सहा दिवस राहणार होतो आणि तेवढ्यासाठी मी सतरा हॉटेलं निवडली होती. जेवणं बारा. वरची पाच राखीव, कारण जर्मनीत हॉटेलं वाटेल तेव्हा बंद असतात असं मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं होतं. सिंगापूरला वन-नॉर्थच्या ऑफिसात माझं काम म्हणजे कुठली गोष्ट कुठे अडू शकते याची आधीच यादी करून ठेवणं. तेव्हा जेवणाचंही शीट केलं यात मला काही वावगं वाटलं नाही. रकाने अकरा होते. शाकाहारी पदार्थ किती, रविवारी उघडं का, दुपारी स्वयंपाकघर किती ते किती बंद, ट्रॅमच्या थांब्यापासून किती चालायचं, खूश झालेल्यांनी काय लिहिलंय, चिडलेल्यांनी काय लिहिलंय, वगैरे. शेवटच्या रकान्याचं नाव ‘बाबा’ होतं. तो रिकामा होता.

बायको म्हणाली, “सहा दिवसांच्या जेवणाला दोन महिने? आपलं लग्न तीन आठवड्यांत ठरलं होतं.”

मी म्हटलं, “तेव्हा माझ्याकडे शीट नव्हतं.”

त्यावर ती उठून आत गेली. तिच्या त्या उठून जाण्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

म्युनिकला माझं ऑफिसचं काम निघालं होतं. मुलीला जूनची सुट्टी होती, म्हणून ती आणि बायको येणार होत्या, आणि बाबांना पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तेही. आई गेली त्याला तेव्हा सात महिने झाले होते. दिवस उरकल्यावर मी बाबांना पुण्याहून सिंगापूरला घेऊन आलो होतो, आणि तेव्हापासून ते नीट जेवत नव्हते.

म्हणजे बसायचे वेळेवर. हात धुऊन, पाटावर बसल्यासारखे ताठ. चार घास खायचे, मग ताट डाव्या हाताला जरासं सरकवायचे, चांगलं दोन बोटं, आणि थांबायचे. आम्ही विचारलं की म्हणायचे, “झालं.” सात महिन्यांत त्यांच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पडली. ती त्यांनी स्वतःच पाडली, नातीच्या कंपासपेटीतलं करकटक घेऊन, पट्टी लावून, सारख्या अंतरावर. पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. माणूस वाळत चाललाय आणि भोकं मात्र एका रेषेत. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “यांना आजार काही नाही. पण वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करून नळीनं भरवावं लागेल. त्यांना काय आवडतं ते शोधा.”

माझ्यासारख्या माणसाला कोणी ‘शोधा’ म्हणू नये.

अडचण एकच होती. बाबांना काय आवडतं हे विचारलं की ते म्हणायचे, “काहीही चालेल.” हे उत्तर मी जन्मापासून ऐकत आलोय. आम्ही कुठल्याही हॉटेलात गेलो की मेनूकार्ड आईच्या हातात जायचं. आई ते पेपर वाचल्यासारखं पहिल्या पानापासून वाचायची, मग वेटरला सांगायची, “यांना हे आणा, मला ते.” बाबा त्या वेळात पंख्याकडे नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी हॉटेलात तोंडानं एकही पदार्थ मागवला नव्हता. पाणीसुद्धा आईच मागायची.

तर निघण्याआधी मी रंगीत तालीम करायची ठरवली. मुलीची दर शनिवारी बिशानला ट्यूशन असते. तिला सोडलं की दोन तास मोकळे. त्या दोन तासांत मी बाबांना जवळच्या हॉकर सेंटरला न्यायला लागलो. तिथे एका छपराखाली वीस-बावीस गाळे, प्रत्येकाचा पदार्थ वेगळा, वर चित्रं लावलेली. माणसाला निवडायला शिकवण्यासाठी याहून चांगली शाळा मिळणार नाही असा माझा हिशेब होता.

बाबांना तिथली एक गोष्ट पहिल्याच दिवशी आवडली, पण ती खायची नव्हती. सिंगापुरात लोक आधी टेबलावर टिशूचं छोटं पाकीट ठेवतात आणि मग निवांत रांगेत जाऊन उभे राहतात. पाकीट आहे म्हणजे टेबल घेतलेलं आहे. कोणी हात लावत नाही.

“आणि कोणी उचलत नाही?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“बसतही नाही?”

“नाही.”

आयुष्यभर सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला शिक्क्याशिवाय, सहीशिवाय चालणारा नियम दिसला होता. ते बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात तीन पाकिटं असायची. टेबल धरायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि एकदा टेबल धरलं की ते तिथून हलायचे नाहीत. म्हणजे गाळ्यांवरची चित्रं बघायला त्यांना वेळच नसायचा. शाळा होती, विद्यार्थी दारातच पहारा देत होता.

“बाबा, काय आणू?”

“काहीही चालेल.”

मी आणायचो. डोसा आणला, शाकाहारी शेवया आणल्या, रस्सा घातलेलं टोफू आणलं, नारळाच्या दुधातला भात आणला. चार घास, ताट डावीकडे दोन बोटं, झालं. शीटमध्ये मी बारावा रकाना घातला: ‘ताट सरकलं का?’ उत्तर हो किंवा नाही. दोन महिन्यांत त्यात एकही ‘नाही’ पडलं नाही.

ऑफिसात मुंबईचा एक जण आहे, दोन वर्षं म्युनिकला राहून आलेला. त्याला शीट दाखवलं. त्यानं ते खालीवर केलं आणि म्हणाला, “अरे, बटाटा आहे ना तिकडे. एवढं कशाला? मी दोन वर्षं बटाट्यावर काढली.” मी त्याचे आभार मानले आणि तेरावा रकाना घातला, ‘बटाटा’.

मुलीला विचारलं तिला कुठे जेवायला आवडेल. ती फोनवरून मान न उचलता सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “एनीथिंग ला, बाबा.” हे घराण्यात आहे, याची मी नोंद घेतली.

म्युनिकला आम्ही रविवारी पोचलो. शीटमधलं पहिलं हॉटेल म्हणजे माझी शान होती. पहिल्या दहाही रकान्यांत हिरवं. दारावर हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता. मुलीनं फोन धरून भाषांतर केलं: मालक कुटुंबासह सुट्टीवर गेले आहेत, पंधरा दिवसांनी या. दुसरं हॉटेल शीटप्रमाणे रविवारी उघडं होतं, प्रत्यक्षात बंद. तिसरं उघडं होतं, पण स्वयंपाकघर साडेपाचला सुरू होणार होतं आणि तेव्हा तीन वाजले होते. आतला माणूस आम्हाला बिअर द्यायला तयार होता. शेवटी स्टेशनवर बाकावर बसून आम्ही मिठाचे खडे लावलेला वळणावळणांचा पाव खाल्ला. बाबांनी अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदासकट बाकावर डावीकडे सरकवला. तिथे एक कबूतर होतं. त्याची सोय झाली.

सोमवारी शाकाहारी हॉटेल. जेवणाला एवढं शांत हॉटेल मी पाहिलं नव्हतं. मोठ्या पांढऱ्या थाळीत बिटाच्या तीन चकत्या आल्या, त्यांच्यावर फेस. बाबांनी फेसाकडे बघितलं. “साबण राहिलाय का?” त्यांनी हळूच बायकोला विचारलं. मग पांढरा अॅस्परॅगस आला, एका भाजीचे बोटाएवढे जाड कोंब, उकडलेले, वर पिवळं लोणी. जूनमध्ये तिथली माणसं हे मोठ्या कौतुकानं खातात असं शीटमध्ये लिहिलं होतं. बाबा म्हणाले, “हे शिजवायचं राहिलंय, की शिजवून वाया गेलंय?” ताट सरकलं.

मंगळवारी माझं काम दुपारीच संपलं. शीट जरा बाजूला ठेवू आणि सिंगापूरचा साधा नियम लावू, असं मी ठरवलं: जिथे रांग मोठी, तिथे खायला चांगलं. हा नियम मला चौदा वर्षांत कधी दगा देऊन गेलेला नाही. जुन्या गावात एके ठिकाणी चांगली पन्नासेक माणसांची रांग होती, बहुतेक म्हातारी, नीट कपडे घातलेली. स्थानिक म्हातारी माणसं रांगेत उभी आहेत म्हणजे काही विचारायलाच नको. आम्ही चौघं मागे लागलो. पुढे काय मिळतं हे विचारणं मला कमीपणाचं वाटलं. पंचवीस मिनिटांनी आम्ही दारातून आत गेलो. ते चर्च होतं आणि आत ऑर्गनवादन होतं. मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून आम्ही बाकावर बसलो आणि उपाशीपोटी एक तास ऐकलं. बाहेर आल्यावर बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. बाबा म्हणाले, “बरं होतं. बसायला मिळालं.” त्या सहा दिवसांत त्यांनी दिलेली ती पहिली चांगली प्रतिक्रिया होती, आणि ती मला कुठल्या रकान्यात भरावी हे कळेना.

बुधवारी आम्ही भारतीय हॉटेलात गेलो. मालक हिंदी बोलणारे, आपुलकीचे. त्यांनी बाबांना ‘पिताजी’ म्हणून खास वरण आणलं, त्यावर साईचा थर. बाबांनी चार घास खाल्ले. ताट सरकलं. मालकांचा चेहरा एवढासा झाला. हॉटेलच्या खोलीत परतल्यावर बाबांनी मुलीकडे करकटक मागितलं. तिनं सांगितलं की ते सिंगापूरला राहिलंय. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मला बाबांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. अकरा रकाने, तेरा केले, सतरा हॉटेलं, आणि हा माणूस मला एक शब्द सांगत नाही. नुसता एक शब्द. भेंडी. बटाटा. काहीही. पण तो ‘काहीही’च म्हणत होता.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौदा नंबरच्या हॉटेलात गेलो. जुनं, लाकडी, तिथे आपली जागा आपणच शोधून बसायचं असतं. सगळं खच्चून भरलेलं. फक्त मधलं एक मोठं गोल टेबल रिकामं होतं. त्याच्यावर पितळेची एक पाटी उभी होती, जुन्या वळणाच्या अक्षरांत काहीतरी कोरलेली. आम्हाला ती शोभेची वाटली. बाबांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून टिशूचं पाकीट काढून टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवलं, पाटीला समांतर. मग जेवायच्या आधी हात धुवायचे म्हणून आम्ही चौघंही तळघरातल्या बेसिनकडे गेलो. टेबलाची काळजी करायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पाकीट होतं ना.

परत आलो तर टेबलावर तीन म्हातारे बसले होते, समोर बिअरचे मोठे पेले. त्यातला एक आमचं पाकीट हातात धरून, कोणाचं राहिलं म्हणून आजूबाजूला बघत होता. दुसरा त्यातला एक टिशू काढून नाक शिंकरत होता.

बाबा थबकले. मग त्यांचा आवाज चढला. सात महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. “एक्स्क्यूज मी,” ते म्हणाले, “धिस टेबल इज टेकन. टिशू इज देअर.”

नाक शिंकरणारा हातातल्या टिशूकडे बघू लागला. मुलगी जमिनीकडे बघत पुटपुटली, “आजोबा, हिअर नॉट सिंगापूर ला.” तेवढ्यात पाकीटवाल्या म्हाताऱ्यानं मोडक्या इंग्रजीत समजावलं. हे त्यांचं टेबल. दर गुरुवारी. तीस वर्षं झाली. त्या पितळी पाटीवर तेच लिहिलेलं होतं, की हे नेहमीच्या मंडळींचं टेबल आहे, दुसऱ्यांनी बसू नये. बाबांनी पाटीकडे बघितलं, मग पाकिटाकडे. पाटीचा अधिकार पाकिटापेक्षा जुना आहे हे त्यांना पटलेलं दिसलं. “सॉरी,” ते म्हणाले. “यू हॅव बोर्ड.” तिघं मोठ्यानं हसले आणि सरकून त्यांनी आम्हाला जागा करून दिली. तिथे अनोळखी माणसांच्या शेजारी बसून जेवणं नेहमीचंच आहे, हे मात्र अगदी हॉकर सेंटरसारखं. बाबांच्या डाव्या हाताला पाकीटवाला म्हातारा आला.

वेट्रेस आली. “काहीही चालेल,” बाबा मला म्हणाले. मी शीट बघितलं. तेरावा रकाना: परतलेले बटाटे, वर अंडं. बाबांना अंडं चालतं, फक्त त्याबद्दल बोललेलं चालत नाही. कार्डावर मांसाचा उल्लेख नव्हता. मी मागवलं.

बटाटे आले, छान लालसर. बाबांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला त्यांनी काट्यानं एक गुलाबी तुकडा बाजूला काढला, मग दुसरा. डुकराचं मांस, बारीक चिरलेलं. कार्डावर लिहिलं नव्हतं, कारण इथे बटाट्यात ते असणारच हे लिहायची कोणाला गरज वाटली नसावी. बाबांनी तुकडे ताटाच्या कडेला लावले. काटा खाली ठेवला. आणि ताट डावीकडे सरकवलं, दोन बोटं.

डावीकडच्या म्हाताऱ्यानं ताटाकडे बघितलं. मग बाबांकडे. त्याचं ताट त्याच क्षणी आलं होतं, चीजमध्ये घोळलेल्या जाड शेवया, वर तळलेला कांदा. त्यानं काही विचारलं नाही. बाबांचं ताट ओढून स्वतःपुढे घेतलं आणि आपलं न उष्टावलेलं ताट बाबांच्या पुढे ठेवलं. मग बटाटे खायला लागला.

बाबांनी त्या शेवया सगळ्या खाल्ल्या. सगळ्या. कांदासुद्धा काट्यानं गोळा करून खाल्ला. मी माझं जेवण विसरून बघत होतो. मला वाटलं, सापडलं. मी शीटमध्ये लिहिलं: चीज, शेवया, तळलेला कांदा.

परतताना ट्रॅममध्ये बायको माझ्या शेजारी बसली. बाबा पुढे नातीबरोबर होते. बायको म्हणाली, “शेवयांचं काही नाही रे. आई नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायच्या.”

मला कळलं नाही.

“तुझ्या कधी लक्षात नाही आलं? आई दोन वेगळे पदार्थ मागवायच्या. आधी बाबा दोन घास खायचे. आवडलं नाही की ताट सरकायचं. आई म्हणायच्या, ‘द्या इकडे,’ आणि आपलं त्यांना द्यायच्या. तोवर त्या स्वतः सुरुवात करायच्या नाहीत. पाणी पीत बसायच्या. घरी भाजीचंही तसंच. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यात बघितलं.”

सिंगापूरला येईपर्यंत मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवलो होतो. आईचा तो हात मला दिसला नव्हता असं नाही. तो मीठ पुढे करणाऱ्या हातासारखाच मला वाटायचा, त्यात मोजण्यासारखं काही वाटलंच नाही. बाबांना निवडता येत नव्हतं, कारण चुकलं तर ताट घेणारं कोणी उरलं नव्हतं. आणि मी त्यांच्यासाठी न चुकणारं हॉटेल शोधत बसलो होतो. मी शीट बंद केलं. ट्रॅम दोन थांबे पुढे गेल्यावर आमच्या लक्षात आलं की उतरायचं राहिलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही झाडांखालच्या एका बिअरच्या बागेत गेलो. ती शीटमध्ये नव्हती. मी बाबांच्या डावीकडे बसलो. काउंटरवरून दोन वेगवेगळे पदार्थ आणले, दोन्ही आधी खात्रीनं विचारून. बाबांच्या पुढे एक ठेवला आणि मी पाणी प्यायलो. दोन घास झाले. ताट सरकलं.

“द्या इकडे,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ताट सोडलं आणि माझं ओढून घेतलं, आणि जेवायला लागले. मला तिथे रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून मी त्यांचं ताट खायला घेतलं. उकडलेल्या कोबीचं आंबट काहीतरी होतं. ते खाताना डोळ्यांत पाणी येणं कोणालाही शोभलं असतं.

सिंगापूरला परतल्यावर शनिवार पुन्हा सुरू झाले आणि बाबा बदलले. पाकीट टेबलावर ठेवून ते आता उठायला लागले. गाळ्यांपुढे हात मागे बांधून उभे राहायचे, चित्रं बघायचे आणि बोट दाखवायचे. डाव्या हाताला मी आहे म्हटल्यावर त्यांना कशाची भीती उरली नव्हती. त्यांनी शाकाहारी गाळ्यावरचं नकली बदक मागवलं, कारण बदकाची नक्कल कशी करतात हे त्यांना बघायचं होतं. काळं औषधी सूप मागवलं. कारल्याचं सूप मागवलं. दोन घास खाऊन ते बिनदिक्कत सरकवायचे आणि माझा परतलेला भात नाहीतर डोसा फस्त करायचे. ऑगस्टपर्यंत पट्टा दोन भोकं मागे आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय आवडलं त्यांना शेवटी?” मी म्हटलं, “माझं.” त्यांना वाटलं मी विनोद केला.

नकली बदकाबद्दल मी काही लिहीत नाही.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी बाबांनी चहा-भात मागवला. ताटात भाताचा वाडगा, भातावर बारीक चिरलेल्या पाच-सहा कच्च्या पालेभाज्या, दाणे, टोफू, आणि वर हिरव्या चहाचा कडू कढ ओतायचा. “भातावर चहा?” ते म्हणाले. “बघू तरी.” मी माझ्यासाठी साध्या परतलेल्या शेवया घेतल्या. टेबलाकडे येताना माझ्या लक्षात आलं की शेवया मला खायच्याच नव्हत्या. मला त्या दिवशी खरं तर नारळाच्या दुधातला भात हवा होता. शेवया घेतल्या, कारण त्या बाबांना आवडल्या असत्या. गेले तीन महिने मी माझ्यासाठी काही मागवतच नव्हतो. मागवत होतो तेही बाबांसाठीच, आणि खात होतो ते त्यांनी टाकलेलं.

आईनं हे जवळजवळ पन्नास वर्षं केलं होतं. “मला ते” असं ती वेटरला म्हणायची, तेही तिचं नसायचं. मी आठवून बघितलं, आईला काय आवडायचं. हॉटेलात, घरात, लग्नाच्या पंगतीत. मला एकही पदार्थ आठवेना. सतरा हॉटेलांची दुपारची वेळ मला पाठ होती.

बाबांनी भातावर कढ ओतला, दोन घास खाल्ले, तोंड वाकडं केलं. ताट डावीकडे आलं.

मी हात पुढे केला आणि विचारलं, “बाबा, आईला काय आवडायचं हो?”

“कुणाला?”

“आईला. खायला.”

ते लगेच बोलले, विचार करावा लागलाच नाही. “तिला? तिला काहीही चालायचं.”

शेजारच्या टेबलावर कोणी तरी ताटल्या गोळा करत होतं. बाबा त्या सरकवलेल्या ताटाकडे बघत राहिले. मी “द्या इकडे” म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. मग त्यांनी ताटाची कड धरली आणि ते परत उजवीकडे, स्वतःपुढे ओढलं.

ते हळूहळू जेवले. पाला चावायला त्यांच्या कवळीला त्रास होत होता. मधे एकदा थांबून पाणी प्यायले, पुन्हा चमचा उचलला. मी शेवया पुढे केल्या, त्यांनी मानेनं नको म्हटलं. खालचा कडू कढ त्यांनी वाडगा तोंडाला लावून संपवला आणि चिकटलेली शितं चमच्यानं खरवडून खाल्ली. माझ्या शेवया तोवर गार झाल्या होत्या.

“कसं होतं?” मी विचारलं.

“वाईट,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “फार वाईट होतं.”

त्यांनी टिशूचं पाकीट उघडून एक टिशू काढला, डोळे पुसले, मग तोंड पुसलं, आणि पाकीट खिशात ठेवलं. नातीची ट्यूशन सुटायला दहा मिनिटं होती.